परतीची तारीख

काचेवर चांदीचं पाणी ओतलेलं असताना कारखान्याचं दार उघडायचं नाही, हा या घरातला सगळ्यात जुना नियम. आग लागली तरी आधी दारावर टकटक करा, असं अण्णा म्हणायचे. बाहेरची धूळ आत आली की आरशावर डाग पडतो, आणि डाग पडला की सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात. म्हणून त्या सकाळी चिंगी रस्त्यावरून पळत आली ती दाराशी येऊन थबकली, आणि दाराच्या काचेला नाक लावून तिथूनच ओरडायला लागली.

"सही करू नका! कोणीही कशावरही सही करू नका!"

आत नृत्यशाळेच्या आरशाची काच टेबलावर आडवी होती. धाकट्याने नुकतंच भांडं रिकामं केलं होतं. काचेवरचं पाणी तपकिरी होऊन गढूळ दिसत होतं. वहिनी पाण्याची नळी धरून तयार उभी होती आणि अण्णा आपल्या उंच स्टुलावर, काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

"काय म्हणतेय ती?" अण्णांनी विचारलं.

"सही करू नका म्हणतेय," वहिनी म्हणाली.

"तिला म्हणावं, आधी श्वास घे." मग नेहमीचा प्रश्न आला. "दिवा आला का?"

गढूळ पाण्याखाली चांदी धरली की छताचा दिवा काचेत दिसायला लागतो, तेव्हा पाणी काढून टाकायचं. तो क्षण पकडण्यात अण्णांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत, आणि गेली दोन वर्षं ते दिवा आला का हे दुसऱ्यांना विचारत होते.

"आला," धाकटा म्हणाला. वहिनीने नळी सोडली. पाणी वाहून गेलं आणि टेबलावर अख्खं छत लख्ख उतरलं. दाराबाहेर चिंगी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. तिला तसं बघून धाकट्याला हसू आलं. वकील झाली, काळा कोट चढवला, पण आनंद झाला की अजून तशीच नाचते, असं त्याच्या मनात आलं. मग तिला आनंद कशाचा झालाय हे लक्षात आलं आणि त्याचं हसू मावळलं.

कारण दुपारी टायवाला येणार होता, आणि सही करायचं ठरलं होतं. ते ठरवायला धाकट्याने महिनाभर घसा कोरडा केला होता.

*

टायवाला म्हणजे विमान कंपनीचा दावे मिटवणारा माणूस. घरातल्या थोरल्या मुलाचं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याचं, चिंगीच्या बाबांचं विमान समुद्रात पडलं त्याला आता दोन वर्षं होत होती. चौकशी झाली, इंजिनाच्या देखभालीत कंपनीची चूक निघाली, तरीही टायवाला दर वेळी तोच आकडा घेऊन यायचा. आकडा इतका लहान होता की पहिल्यांदा ऐकल्यावर आत्याला वाटलं, ही हरवलेल्या बॅगेची भरपाई असणार.

आणि त्या आकड्याच्या कागदात एक वाक्य होतं. 'मयत प्रवासी परत येण्याच्या इराद्याने निघाला नव्हता, हे कुटुंबास मान्य आहे.' आकड्यावर घरात फारसं भांडण झालं नव्हतं. या वाक्यावर मात्र वहिनीने दोनदा पेन खाली ठेवलं होतं.

"हं, बोल आता," धाकटा दार उघडत म्हणाला.

चिंगी आत आली ती बोलतच. "काका, त्यांनी आपल्याला चुकीच्या करारात बसवलंय! दोन करार आहेत. जुना आणि नवा."

"कसले करार?"

"देशादेशांमधले. एका देशातून दुसऱ्या देशात जाताना प्रवासी दगावला तर कंपनीने किती द्यायचं, याचे. जुना आहे तो विमानं नवी नवी होती तेव्हाचा. कंपन्या बुडू नयेत म्हणून त्यात एका माणसामागे किती द्यायचं त्यावर झाकण घालून ठेवलंय. सोन्याच्या फ्रँकमध्ये!"

"सोन्यात मोजतात?" अण्णांनी मान वर केली.

"कागदावर सोन्यात, हातात चिल्लर. झाकण उडवायचं तर कंपनीने जाणूनबुजून बेपर्वाई केली हे आपण सिद्ध करायचं. ते कोण करणार? पण नव्या करारात झाकणच नाही! एका रकमेपर्यंत कंपनीला आमची चूक नव्हती असं म्हणायची सोयच नाही. आणि त्याच्यावर गेलात तर चूक नव्हती हे त्यांनी सिद्ध करायचं, आपण नाही. आणि चूक तर चौकशीतच निघालीये!"

धाकट्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. "झाकण नाही म्हणजे?"

"म्हणजे जे नुकसान झालं ते. बाबा अजून किती वर्षं काम करणार होते, काय कमावणार होते, सगळं."

"आणि हे तुला आज कळलं? दोन वर्षं काय करत होतीस?"

"दोन वर्षं तुम्ही मला त्या फायलीला हात लावू दिलात का?" चिंगीचा आवाज चढला. "घरातल्या माणसाने घरचा दावा बघायचा नाही म्हणालात. कंपनीने सांगितलं, बाबा चालले होते तो देश नव्या करारात नाही, तुम्ही काही न विचारता मान डोलावलीत. काल आईने कागद दाखवला म्हणून कळलं."

हे खरं होतं, आणि धाकट्याला ते खरं असल्याचा राग आला. "मग तो देश नाहीच आहे ना त्यात?"

"नाही. आपला देश दोन्ही करारांत आहे, तो फक्त जुन्यात. एकेरी तिकीट असतं तर निघायचा देश नव्यात, पोचायचा देश जुन्यात, म्हणून जुना करार लागला असता. पण काका, बाबांचं तिकीट जाण्यायेण्याचं होतं! तसं असेल तर प्रवास जिथून सुरू झाला तिथेच संपतो. मधला देश नुसता थांबा. निघायचं ठिकाण आपलं गाव, पोचायचं ठिकाण आपलं गाव. नवा करार!"

ती एवढं बोलून टेबलाला धरून उभी राहिली. दम लागला होता. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं आणि तिला भूक लागल्याचं कळतही नव्हतं. ग्रंथालयात ते पान सापडलं तेव्हा ती एकटीच मोठ्याने हसली होती आणि समोरच्या वकिलाने चष्म्यावरून पाहिलं होतं.

तेवढ्यात आत्या आली. तिचं तिकिटांचं दुकान याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून. चिंगीचा आवाज तिथपर्यंत पोचला होता.

"काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही पडलं, ताई," धाकटा म्हणाला. त्याचा चेहरा आता पार बदलला होता. "झाकण उडालं! आपण सही करत नाही आहोत."

महिनाभर सही करा म्हणून सगळ्यांच्या मागे लागलेला माणूस हाच, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. चिंगीला वाटलं, काकाला मिठी मारावी आणि एक चिमटाही काढावा.

*

"पण ते परतीचं तिकीट नुसतं दाखवायला होतं," अण्णा म्हणाले.



इथेच सगळं अडलं होतं. ज्या दिवशी थोरल्याचं विमान निघालं त्याच्या आदल्या आठवड्यात याच टेबलाशी भांडण झालं होतं. थोरल्याचं म्हणणं, हाताने चांदी ओतणं आता बंद करा, तयार आरसे आणून विका. अण्णांचं म्हणणं, मी असेपर्यंत नाही. मग थोरला म्हणाला, तुम्हाला डाग दिसत नाहीत आता. अण्णा म्हणाले, जायचं तर जा, परत आलास तर दार उघडणार नाही. थोरल्याने बॅग भरली, दुर्बिणीचे आरसे करणाऱ्या एका परदेशी कारखान्यातली नोकरी धरली, आणि निघेपर्यंतच्या रात्री आत्याकडे काढल्या. बायकोला म्हणाला, तिकडे जम बसला की बोलावतो. ती म्हणाली, आम्ही नाही येणार.

विमान पडल्यानंतर कंपनीचा माणूस पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने साधाच प्रश्न विचारला होता, प्रवास कशासाठी होता? आणि अण्णा म्हणाले होते, "कायमचा गेला. परतीचं तिकीट दाखवायला घेतलं होतं, त्याशिवाय तिकडे आत घेत नाहीत." मेलेल्या मुलाशी भांडण चालू ठेवणारा बाप तो एकटाच असावा. त्या माणसाने ते शब्दशः लिहून घेतलं, धाकट्याने साक्षीची सही केली, आणि त्याच वाक्याच्या जोरावर कंपनी दोन वर्षं म्हणत होती की हा खरा एकेरी प्रवास होता.

"अण्णा, बाबांच्या मनात काय होतं ते कायदा विचारत नाही," चिंगी त्यांच्या स्टुलाशी उकिडवी बसली. "कंपनी आणि प्रवासी यांच्यात काय ठरलं, एवढंच बघतो. तिकीट म्हणजे ते ठरलेलं. त्यांनी परतीचे पैसे घेतले, जागा राखली, तारीख दिली. आता कसं म्हणतील की परतीचा प्रवास नव्हता?"

"म्हणतील, तुझ्या आजोबांनीच सांगितलंय," आत्या म्हणाली. तिचा आवाज जरा घाईचा होता. "आणि ते तिकीट मी काढलंय. नुसतं दाखवायला तिकीट काढून दिलं असं कोर्टात आलं तर माझं दुकान बंद. मला यात घेऊ नका."

"तुला घेतल्याशिवाय कसं होईल, आत्या? तिकीट काढणारी तूच."

"म्हणूनच म्हणते."

"म्हणजे तुझ्या दुकानासाठी आम्ही—" धाकटा सुरू झाला.

"तू बोलूच नकोस! कालपर्यंत सही सही म्हणून जीव खात होतास. आज झाकण उडालं तर मी दुकान जाळू?"

दोघं बहीणभाऊ लहानपणासारखे बोट नाचवत समोरासमोर उभे राहिले. चिंगी मध्ये पडणार तोच वहिनी बोलली. ती कपड्याने आरशाची कड पुसत होती, आणि मान वर न करता बोलली.

"मी सही करते."

"आई!"

"ते वाक्य खोडून देत असतील तर करते. नाहीतर आकडा आणखी कमी करा म्हणावं, पण वाक्य काढा."

"अगं, पण आता गरजच नाही! कोर्टात तो प्रश्न निघणारच नाही. तेच तर सांगतेय मी मघापासून."

"कोर्ट नाही विचारणार," वहिनी म्हणाली. "मी विचारते ना. रोज विचारते. हे मला सोडून गेले होते की फक्त चिडून गेले होते? तू म्हणतेस मनातलं काही लागत नाही. मला तेवढंच लागतं गं. तुमची केस वर्षानुवर्षं चालणार, दर तारखेला कोणीतरी उभा राहून म्हणणार, तो परत येणारच नव्हता. ते मला ऐकायचं नाही."

चिंगीच्या सकाळपासून जे डोक्यात उसळत होतं ते एकदम बसल्यासारखं झालं. आपण एवढं पळत आलो, आणि आईला काय हवंय हे एकदाही मनात आलं नाही, याची तिला लाज वाटली.

"शुक्रवारी मुदत संपते, आई," ती हळू आवाजात म्हणाली. "विमान पोचायला हवं होतं त्या दिवसापासून दोन वर्षं. त्याच्यानंतर दावाच करता येत नाही."

धाकटा खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याला वहिनीचं बोलणं लागलं होतं, आणि का लागलं हे त्याला पक्कं माहीत होतं. दादा कायमचा गेला होता असं मानलं तर ही ओतायची जागा, हे भांडं, अण्णांच्या उजव्या हाताचं स्थान सगळं रीतसर त्याचं होतं. दादा परत येणार होता असं मानलं तर तो एका मेलेल्या माणसाच्या जागी उभा होता. दोन वर्षं साक्षीची ती सही त्याला टोचली नव्हती. आज टोचली.

*

टायवाला ठरल्या वेळी आला. भला माणूस होता, आत येताना पायपुसण्यावर बूट नीट पुसायचा, त्यामुळे अण्णांचा त्याच्यावर लोभ होता. त्याने टेबलाच्या मोकळ्या बाजूला कागद मांडले आणि खिशातून पेन काढलं.

"आमची सही होणार नाही," चिंगी उभ्यानेच म्हणाली आणि तिने करार, तिकीट, निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण सगळं एका दमात सांगितलं. या वेळी तिचा आवाज चढला नाही. टायवाल्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकता ऐकता त्याने पेनचं टोपण लावलं, ते धाकट्याने बरोबर टिपलं. झाकण खरंच उडालं होतं!

"मुद्दा घेण्यासारखा आहे," टायवाला म्हणाला. "पण खरं सांगतो, आमचे वकील लढतील. तुमच्याच घरातून लेखी आलंय की ते तिकीट दिखाव्याचं होतं. ज्या परतीला दोन्ही बाजूंनी काही अर्थ नव्हता ती परती धरायची कशी, असं ते म्हणतील. आणि मग तिकीट काढून देणाऱ्या बाईंनाही बोलवावं लागेल. तुम्हीच ना त्या?"

आत्याने कानावर हात ठेवायचं ठरवलं होतं. मला काही आठवत नाही, एवढंच म्हणायचं, मग कोण काय करणार? ती तोंड उघडणार इतक्यात टायवाला अगदी सौम्यपणे म्हणाला, "तुम्हाला शपथेवर सांगावं लागेल, की तुमच्या भावाला परतीशी काही देणंघेणं नव्हतं आणि तुम्ही फक्त स्वस्तातलं एक परतीचं तिकीट जोडून दिलं."

"स्वस्तातलं?" आत्या ताडकन म्हणाली.

आत्याच्या धंद्यावर कोणी बोट ठेवलं की ती कोणालाच आवरत नसे.

"स्वस्तातलं दिलं होतं मी! महिनाअखेरचं, मंगळवारचं, अगदी कवडीमोल. दाखवायचं तर आहे, म्हटलं, कुठलंही चालेल. तर नाही! दोन दिवसांनी दुकानात येऊन बसला. ही तारीख नको, दुसरी दे. म्हटलं, अरे, तुला यायचंच नाही तर तारखेचं काय करायचंय? तर म्हणे, सोळाचं दे. सोळाचं विमान भरलेलं होतं. संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. माझं डोकं खाल्लं त्याने. शेवटी कोणाची तरी जागा रद्द झाली ती मी पकडली, बदलायचा दंड वेगळा, भाडं दीडपट, आणि हा म्हणे चालेल! स्वस्तातलं म्हणे. तुमच्याच कंपनीने घेतलाय तो दंड, बघा तुमच्या फायलीत!"

टायवाल्याने फाईल उघडली नाही. त्याला बहुतेक माहीत होतं.

आत्या स्वतःच दचकून थांबली होती. हे ती दोन वर्षांत शंभर वेळा वैतागून बोलली असेल, स्वतःशी, दुकानातल्या मुलीशी. दादा किती त्रास द्यायचा याची ती एक गोष्ट होती. आता सगळे तिच्याकडे बघत होते आणि ती गोष्ट तिच्याच कानाला पहिल्यांदा नीट ऐकू आली.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "यायचंच नव्हतं तर तो दंड का भरेल?"

वहिनीच्या हातातून पुसायचं फडकं पडलं. "सोळा?" ती म्हणाली. "सोळाच का? काही म्हणाले का?"

"विचारलं ना मी. काय आहे सोळाला, म्हटलं. तर म्हणे, सोळाला काही नाही, सतराच्या सकाळी मला घरी असलं पाहिजे. काम आहे. एवढंच. तुला तर माहितीये तो कसा बोलायचा, शब्द मोजून."

"सतराला काय होतं?" चिंगीने आईकडे बघितलं. आईने मान हलवली. ना वाढदिवस, ना शाळा, ना कुठलं काम. धाकट्याने ऑर्डरी आठवून पाहिल्या. सतराला काहीच नव्हतं.

"माझं ऑपरेशन होतं," अण्णा म्हणाले.

कोणाला कळलंच नाही.

"डोळ्याचं. सतरा तारीख, सकाळी आठ वाजता. मी कोणाला सांगितलं नव्हतं." अण्णांनी काठी जमिनीवर टेकवली. "आरसे करणाऱ्याला दिसत नाही हे चार लोकांत झालं असतं तर कोण काम देईल? गुपचूप करून येणार होतो. हॉस्पिटलातून तारीख सांगायला फोन आला तो थोरल्याने उचलला. मला म्हणाला, अण्णा, तुमचा फोन. बस. काही विचारलं नाही. मला वाटलं, त्याला कळलं नाही. मग त्या दिवशी म्हणाला, तुम्हाला डाग दिसत नाहीत. मला वाटलं, टोमणा मारतोय. चिंगे, मला टोमणा वाटला गं तो."

त्यांनी दाराकडे तोंड केलं. "मी दार उघडणार नाही म्हटलं. आणि त्याने तारीख बदलून घेतली."

वहिनी त्यांच्याकडे गेली नाही. ती होती तिथेच उभी राहिली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा हसली. "येणार होते," ती म्हणाली. "चिंगे, येणार होते गं बाबा! तीन आठवड्यांत येणार होते. मी दोन वर्षं भांडतेय त्यांच्याशी. येणार होते!" चिंगीने तिला घट्ट धरलं. आत्या भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून उभी होती आणि हुंदक्यांमधून म्हणत होती, मी आधी का नाही बोलले, मला काय माहीत, मला वाटलं नुसता त्रास देतोय.

टायवाला उठला. त्याने मांडलेले कागद गोळा केले. पेन खिशाला लावलं.

"मी आज काहीही ऐकलं नाही असं म्हणू शकत नाही," तो चिंगीला म्हणाला. "मला अहवाल लिहावा लागतो."

"लिहा ना," चिंगी म्हणाली. डोळे वाहत होते आणि ती लख्ख हसत होती. "दंडाची पावती तुमच्याकडेच आहे, तीही जोडा. आमचा दावा उद्या दाखल होईल, शुक्रवारची वाट बघणार नाही."

"आणि आधी लिहून दिलेलं?"

"ते मी दिलं होतं," अण्णा म्हणाले. "मीच परत घेणार. कोर्टात येऊन सांगतो. कोणापुढेही सांगतो."

"साक्षीची सही माझी होती," धाकटा म्हणाला. "मीही येतो."

"आणि मी," आत्या नाक पुसत म्हणाली. "दुकानाचं काय व्हायचं ते होईल. दाखवायचं तिकीट मी काढलंच नव्हतं!"

टायवाल्याने जाताना पुन्हा बूट पुसले. बाहेर पडताना बूट पुसायची काही गरज नव्हती.

*

दार लागल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. चिंगी ज्यांच्या हाताखाली वकिली करत होती त्या साहेबबाईंना फोन लावायला धावली, आत्या तिकिटाची जुनी नोंद काढायला दुकानाकडे निघाली आणि अर्ध्या वाटेवरून चप्पल विसरली म्हणून परत आली. धाकट्याने नृत्यशाळेच्या आरशाची पाठ रंगवायला घेतली, पण दोनच पट्टे ओढून तो थांबला. त्याने ब्रश ठेवला आणि अण्णांसमोर येऊन उभा राहिला.

"अण्णा, त्याची जागा..."

"तुझीच आहे," अण्णा म्हणाले. "तो आला असता तरी दोघांनी ओतलं असतं. टेबल लांब आहे." मग जरा थांबून म्हणाले, "फोन लाव."

"कोणाला?"

"डोळ्यांच्या हॉस्पिटलला. आणि चिंगीला म्हणावं, तुझा फोन जरा आटप."

नंबर वहिनीने शोधला. धाकट्याने लावला आणि रिसीव्हर अण्णांच्या हातात दिला. पलीकडची बाई काय बोलत होती ते सगळ्यांना ऐकू येत होतं, कारण अण्णांना ऐकायला काही त्रास नव्हता तरी ते रिसीव्हर कानापासून लांब धरत. नाव, वय, आधी कधी तारीख घेतली होती का?

"घेतली होती. आलो नाही."

बरं. बाई कागद चाळत होती. ऑपरेशनच्या दिवशी पेशंटबरोबर घरचं माणूस लागतं, एकट्याला सोडत नाहीत. सोबत कोण येणार?

धाकटा, आत्या, चिंगी तिघंही एकदम "मी" म्हणाले.  वहिनी फक्त अण्णांच्या खांद्याला हात लावून उभी होती.

"सून येणार," अण्णा म्हणाले. मग रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, समोरच्या बाईला काही माहीत नसताना, ते जरा मोठ्याने म्हणाले, "मागच्या वेळी मोठा मुलगा येणार होता. तेही लिहून घ्या."